गृहभेट : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

(मराठवाड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षात दीर्घकाळ काम केलेल्या सामाजिक कार्यकर्त्या या वेळी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत. पत्रलेखकांची गावं आणि प्रकरणांतल्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं एम.एस.डब्ल्यू. झालंय आणि शेजारच्या जिल्ह्यात बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ता या कंत्राटी पदावर निवड झालीय. वडील म्हणतात, ‘लोकांची लेकरं उचलून आश्रमात टाकायची आणि शिव्याशाप घ्यायचे, हेच काम ना?’ त्यांना वाटतं मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात. नेमकं काम काय असतं? मी घ्यावं का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : वडिलांना आधी एवढं सांग, की या कामातला बहुतेक वेळ लेकरू स्वतःच्या घरात राहावं म्हणूनच जातो. बाल न्याय कायदा, २०१५ चा, त्याच्या मूलभूत तत्त्वांमध्येच म्हणतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आणि लेकराला कुठं ठेवायचं हे तू ठरवणारच नाहीस. ते बाल कल्याण समिती ठरवते. एक अध्यक्ष, चार सदस्य, आणि समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. लेकरू सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढं न्यावं लागतं. मग समिती तुला सांगते, घर बघून ये. त्यासाठी १५ दिवस असतात. तो जो गृहचौकशी अहवाल तू लिहिशील, त्यावर एका लेकराची पुढची वर्षं ठरतात. तुझ्या नोकरीचा जीव तिथं आहे.

अहवालाच्या नमुन्यात रकाने असतात. घर कच्चं की पक्कं, उत्पन्न किती, कोणाला व्यसन आहे का. ते भर, पण रकाने भरून परतलीस तर गृहभेट झाली असं समजू नकोस. लेकराचं अंथरूण कुठं पडतं ते बघ. त्याचं दप्तर कुठं अडकवलंय ते बघ. घरात मोठा माणूस शिरला की ते कोणाच्या मागं जाऊन उभं राहतं, हे बघ. बापाला पहिला प्रश्न दारूचा विचारायचा नाही. लेकरू कितवीत आहे, वर्गशिक्षक कोण, हे विचारायचं. ज्या बापाला हे सांगता येतं त्याच्याशी पुढं पुष्कळ बोलता येतं. आणि पाणी दिलं की प्यायचं. पारधी वस्तीवर असो, ऊसतोड्यांच्या कोपीवर असो, गावाबाहेरच्या वाड्यावर असो. तू कुणाच्या घरचं पाणी घेतेस आणि कुणाच्या घरी ‘आत्ताच घेतलं’ म्हणतेस, हे लोक बरोबर टिपतात, आणि त्यावरून तुला किती खरं सांगायचं ते ठरवतात.

परळीच्या स्टेशनवर रेल्वे पोलिसांना एक मुलगा सापडला होता, दहा-अकरा वर्षांचा. विचारेल त्याला तो वेगळं गाव सांगायचा. घरी जायचं नव्हतं, म्हणून. मी गावाचं नाव विचारणं सोडून दिलं आणि बाजाराबद्दल बोलत बसले. बाजार बुधवारी. भजी खायला दहा रुपये मिळायचे. कारखान्याचा भोंगा ऐकू येतो पण चिमणी दिसत नाही. एसटी गावात येत नाही, फाट्यावर उतरून चालत जावं लागतं. एवढ्यावर त्या भागातल्या शाळांना फोन लावत गेले, तेव्हा एका मुख्याध्यापकांनी ओळखलं. बापाचा मोबाइल त्याच्या हातून फुटला होता. बापाने पट्ट्याने मारलं होतं, पाठीवर वळ होते. समितीपुढं बाप आला तो धाय मोकलून रडत आला, पण रडण्यावर अहवाल लिहायचा नसतो. मी दोनदा घरी गेले, एकदा सांगून, एकदा न सांगता. शेजारणीशी बोलले, शाळेत बोलले. दारू नव्हती. उचल, म्हणजे कामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे, अंगावर होती, फिटत नव्हती, आणि राग लेकरावर निघत होता. मुलाशी समुपदेशक एकट्याने बोलले. आई मला म्हणाली, ‘पुन्हा हात उचलला तर मीच फोन करीन.’ समितीने हमीपत्र घेऊन मुलगा आई-वडिलांच्या ताब्यात दिला आणि पाठपुराव्याच्या भेटी लावून दिल्या. या सगळ्यात लेकरू उचलून आश्रमात टाकलं, असं कुठं झालं?

अर्थात अशीही घरं आहेत जिथून लेकरू त्याच दिवशी बाहेर काढावं लागतं. अत्याचार करणारा घरातलाच असतो, आणि घर त्याला पाठीशी घालत असतं. तिथं मी कधी कचरले नाही, तूही कचरू नकोस. पण त्या घरातसुद्धा एखादी मावशी, एखादी आजी लेकराच्या बाजूची असते. तिला शोधणं हेही तुझंच काम.

पगाराचं स्पष्ट सांगते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सामाजिक कार्यकर्त्याचं मानधन महिना १८,५३६ रुपये धरलेलं आहे. पद कंत्राटी आहे, मुदतवाढीची वाट बघावी लागते, आणि मानधन दर महिन्याच्या एक तारखेलाच पडेल असं धरून चालू नकोस. ज्या कामावर लेकराचा ताबा ठरतो ते काम सरकारने अशा अधांतरी माणसांवर सोडावं, याचा मला आजही संताप येतो. घराचा हप्ता तुझ्या एकटीवर असेल तर आधी तजवीज कर. एकटीने गृहभेटीला जायचं नाही, अंधार पडायच्या आत वस्ती सोडायची, आणि कुठं जातेय हे कक्षात सांगून निघायचं.

मी तुझ्या जागी असते तर घेतलं असतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सातवीतली एक मुलगी दिवाळीपासून येत नाही. आई-वडील ऊसतोडीला जातात. तिच्या मैत्रिणींकडून कळलं, तिचं लग्न ठरलंय. मी कळवलं तर गावात राहणं अवघड होईल, सरपंचांचं त्या घरी येणं-जाणं आहे. नाही कळवलं तर मनाला लागून राहतं.
— एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : सर, अंक छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला संपादकांमार्फत लगेच निरोप पाठवला होता, की आधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. इथं लिहितेय ते तुमच्यासारख्या बाकीच्या शिक्षकांसाठी.

फोन करताना स्वतःचं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. मुलीचं नाव, गाव, अंदाजे तारीख आणि लग्न कुठं होणार एवढं पुरतं. तरी गावाचा संशय शाळेवर जातोच, कारण वयाचा पुरावा शाळेकडं असतो. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणून त्या एकाच शाळेकडून त्या एकाच मुलीचा प्रवेश-निर्गम उतारा मागायचा नाही, ही आमची पद्धत होती. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून आसपासच्या सगळ्या शाळांतल्या गैरहजर मुलींची यादी मागवायची. त्यात ही मुलगी येतेच, आणि शिक्षक उघडा पडत नाही. तुम्ही ही पद्धत कक्षाला सुचवू शकता.

सरपंचांचं म्हणाल तर ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष तेच असतात आणि अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. म्हणजे लग्न थांबवणं ही ज्यांची जबाबदारी तेच पंगतीला बसायचे असतात. अशा वेळी कक्षाचं लेखी पत्र त्यांच्या हातात पडलं की त्यांचीही सोय होते. ‘मी काय करू, वरून आलंय,’ असं त्यांना पाहुण्यांना सांगता येतं. त्यांना ही पळवाट मिळू द्या. आपल्याला मुलगी हवी आहे, सरपंचांची फजिती नको.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. लग्नाचं वय मुलगी १८, मुलगा २१. लग्न लावणाऱ्याला, लावून देणाऱ्याला, थांबवू शकत असून न थांबवणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. घाई असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाईहुकूम घेता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने मुळातच रद्द ठरतं. पण सर, अनुभव असा की बापाला दंडाची भीती घातली तर तो मान हलवतो, हमीपत्रावर अंगठा देतो आणि आठ दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यात मावशीच्या गावी रात्री लग्न उरकतो. त्याला दुसरी गोष्ट सांगावी लागते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की बायको १८ च्या आतली असेल तर तिच्याशी आलेला शरीरसंबंध बलात्कारच. मुलगी दिवस राहून दवाखान्यात गेली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. मग जावई आत, पोरगी माहेरी, कडेवर बाळ. ‘जावई तुरुंगात जाईल’ या वाक्याला बाप थांबतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. मुलाकडचे तर त्याहून लवकर थांबतात.

थांबल्यावर त्याचं ऐकून घ्यायचं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल त्या कोयत्यावर. आई-बाप सहा महिने फडात असताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर मागं ठेवायची? हा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर न देता नुसतं लग्न मोडून आलात तर तुम्ही त्या बापाची अडचण वाढवून आलात. हंगामी वसतिगृह, जवळ असेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं संत भगवान बाबा वसतिगृह, यांपैकी कुठं जागा आहे ते त्याच बैठकीत फोन लावून विचारायचं. इथं शिक्षकासारखा माणूस दुसरा नाही, कारण प्रवेशाची कागदं तुमच्याकडं आहेत.

लग्न थांबलं, की तुमचं हजेरीपुस्तक हाच सगळ्यात खात्रीचा पाठपुरावा. सलग तीन दिवस जागा रिकामी दिसली तर कळवा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये जवळपास २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. तुमच्या वर्गातली ही एकटी नसणार. बाकीच्या मुली तुमच्याकडं बघताहेत, सर. त्यांनीच तुम्हाला सांगितलं ना?

प्रश्न : आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक लहान मुलगा रोज रात्री मार खाताना ऐकू येतो. आई-वडील दोघंही आयटीत, शिकलेले. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी तरी त्याच्या रडण्याचं रेकॉर्डिंग टाकलं. मी फोन करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं होईल का? आणि १०९८ चालवणाऱ्या संस्था बंद झाल्या म्हणतात, तो नंबर चालू आहे का?
— एक गृहिणी, पिंपरी-चिंचवड

उत्तर : नंबर चालू आहे, रात्रंदिवस, मोफत. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून जेरू बिलिमोरिया यांनी तो सुरू केला, तेव्हा तो प्रामुख्याने रस्त्यावरच्या मुलांसाठी होता. पुढं देशभर स्वयंसेवी संस्था तो चालवत होत्या. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेकडे गेला आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडला गेला. आकडे तेच राहिले.

फोन करा. लेकराला मारणं ही घरातली खासगी गोष्ट नाही. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याला क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तुम्हाला वाटतं तसं फोननंतर लगेच जीप येऊन मुलाला घेऊन जात नाही. आधी कुणी तरी घरी जातं, शाळेत जातं, मुलाशी एकट्याने बोलतं. जिवाला धोका दिसला तरच त्याला लगेच हलवतात. शिकलेल्या घरांत दार उघडायला वेळ लागतो, वकिलाचं नाव आधी ऐकू येतं, एवढाच फरक. आत गेल्यावर बहुतेक वेळा थकलेली आई सापडते, गुणांसाठी वेडा झालेला बाप सापडतो, आणि ‘आम्हीपण असाच मार खाऊन मोठे झालो’ हे वाक्य सापडतं. समुपदेशनाला बसवलं तर यातले पुष्कळ जण बदलतात. कुणी बघतंय हे कळल्यावरच काहींचा हात थांबतो.

फोनवर काय ऐकलं, किती वाजता, किती दिवसांपासून, मुलगा अंदाजे किती वर्षांचा, शाळा ठाऊक असेल तर शाळा, एवढं सांगा. स्वतःचे तर्क सांगू नका. मुलाला लिफ्टमध्ये गाठून ‘बाबा मारतात का रे?’ असं विचारू नका, संध्याकाळी त्याचे हाल होतील.

ते रेकॉर्डिंग मात्र आजच काढायला लावा. संकटातल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही पसरवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. त्या मुलाला उद्या याच जिन्यातून शाळेत जायचंय. आणि कधी लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर कळवावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. पोक्सो कायद्याने ते प्रत्येकावर बंधनकारक आहे.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला. सुनेने दुसरं लग्न केलं. नऊ वर्षांचा नातू माझ्याकडं आहे. मी मजुरीला जाते, आता होत नाही. गावातले म्हणतात त्याला बालगृहात ठेव, तिथं खायला-प्यायला मिळतं. काय करू? (पत्र अंगणवाडी ताईंनी लिहून दिलं आहे.)
— एक आजी, धाराशिव जिल्हा

उत्तर : आजी, नातवाला तुमच्याजवळच ठेवा. पोट भरत नाही म्हणून लेकराला घर सोडायला लागू नये, त्यासाठीच सरकारची बाल संगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. तिच्यात मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात, १८ वर्षांचा होईपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून ४,००० रुपयांची मदतही आहे, तिला उत्पन्नाची अट आहे. तुम्हाला कोणती बसते ते जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात सांगतील.

अंगणवाडी ताईंना सांगा, मुलाच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, दोघांचे आधार, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक गोळा करा. मग कुणी तरी तुमच्या घरी येईल. घाबरू नका, घर आवरून ठेवायची गरज नाही. एजंट पैसे मागेल, त्याला एक रुपया देऊ नका. अर्ज फुकट असतो.

सुनेवर राग असेल. तो असू द्या, पण नातवाला आईशी बोलू द्या. सणाला ती भेटायला आली तर दार लावू नका. नऊ वर्षांच्या पोराने बाप गमावलाय, त्याची आई हयात आहे.

प्रश्न : माझी पत्नी बाल संरक्षण कक्षात आहे. घरी आली की बोलत नाही. काय झालं विचारलं तर ‘सांगता येत नाही’ म्हणते. रविवारीही फोन वाजला की निघते. आमची मुलगी पाच वर्षांची आहे, तिच्याबद्दल मात्र ती अति धास्तावलेली असते. मुलीला काकांकडंसुद्धा सोडत नाही. मी काय करावं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. बायकोच्या कामाबद्दल तक्रारीचा सूर न लावता विचारणारा नवरा मला फार थोड्या पत्रांत भेटलाय.

‘सांगता येत नाही’ हे खरं आहे. लेकराचं नाव, गाव, काय घडलं, यातलं काही ती तुम्हालाही सांगू शकत नाही. ते तिने पाळलं याचा तुम्ही अभिमान धरा. पण न सांगता बोलता येतं. ‘आज कुठं गेली होतीस’ असं विचारू नका, ‘आज जड गेला का दिवस’ असं विचारा. ती ‘हो’ म्हणाली की स्वयंपाक तुम्ही घ्या आणि पोरीला घेऊन अर्धा तास बाहेर जा. आमच्या कामातल्या बायकांना घरी आल्या आल्या पुन्हा कुणाच्या तरी लेकराची, मग ते स्वतःचं का असेना, जबाबदारी घ्यायला जमत नाही. थोडा वेळ लागतो. तो वेळ कुणी दिला तर त्या परत येतात.

मुलीबद्दलच्या धास्तीला हसू नका, वादही घालू नका. तिने ऐकलेल्या गोष्टींत अत्याचार करणारा ओळखीचाच होता, पुन्हा पुन्हा. तिचा अविश्वास तुमच्या भावावर नाही. पण काकांकडं जाणं पूर्ण बंद करणं हेही मुलीला बरं नव्हे, आणि हे तुमच्या पत्नीला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दोघं मिळून ठरवा. मुलगी जाईल, तुमच्यापैकी एक जण सोबत असेल, आणि कुणाचा स्पर्श आवडला नाही तर सांगायचं, हे तिला तिच्या आईनेच शिकवायचं. ते शिकवताना आईची स्वतःची भीतीही जरा ताब्यात येते.

झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, किंवा ती एखाद्या प्रकरणाबद्दल झोपेत बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोनवरूनही बोलता येतं. यात कमीपणा नाही. पोलिसांना, डॉक्टरांना जशी गरज पडते तशी आम्हालाही पडते.

आणि रविवारच्या फोनचं. कक्षात पाळी लावता येते, या रविवारी एक जण, पुढच्या रविवारी दुसरा. आमच्याकडं ती भांडून लावून घ्यावी लागली होती. तिने तिच्या अधिकाऱ्यांकडं लेखी मागावी, सोबत इतर सहकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. एकटीचा अर्ज बाजूला पडतो.